उदगीरला उतरलेली गेमवाली

लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासचं माझं दुसरं वर्ष होतं. घरी जाताना देगलूरच्या बसमध्ये शेजारची मुलगी हातातल्या छोट्या यंत्रावर जपानी गेम खेळत होती. तिच्या बॅगेवरही माझ्याच क्लासचं नाव होतं. माझ्या मांडीवर नोट्स होत्या, नजर मात्र तिच्या अंगठ्यांवर.

“चांगला हाय का?” मी विचारलं.

“गोष्ट लई गोड हाय, त्यातली माणसं जीव लावतेत. पण चार पावलं चाललं की पुन्हा तीच लढाई. कंटाळा येतो.”

“आन् क्लास?”

“सोडला. बाबांना सांगितलं, मला न्हाई जमत. ते थोडे रडले, मग जेवायला बसले.”

मला तिचा हेवा वाटला. ती उदगीरला उतरेपर्यंत मी नोट्सचं तेच पान वाचत राहिले. घरी माझ्या बाबांनी विचारलं, “अभ्यास कसा चाललाय?”

मी म्हणाले, “मस्त.”