रोळून उरलेले खडे

गोव्यातल्या सुर्ल्याची खाण बंद होईपर्यंत मी तिथल्या प्रयोगशाळेत खनिजाचे नमुने तयार करायचे. लाल माती वाळवायची, कुटायची, चाळायची आणि पाकिटात भरून पुढे द्यायची. काम गेलं आणि मी साखळीला, आमच्या गावी, घरी बसले. मग कळलं, पणजीजवळच्या एका संस्थेत खडकांचे नमुने तयार करायचं प्रशिक्षण आहे आणि खाणीवर काम केलेल्यांना घेतात. येतं तेच पुन्हा शिकवतील, एक सर्टिफिकेट हातात देतील, असं समजूनच मी पहिल्या दिवशी बसमध्ये चढले.

माझ्या शेजारच्या टेबलावर मादागास्करहून आलेली एक बाई होती. माझ्याच वयाची. तिकडे शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या भागात हे काम शिकायची सोय नव्हती, म्हणून तिला इथं पाठवलेलं. आम्ही दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायचो आणि जिथं अडेल तिथं हातवारे करायचो.

प्रत्येकीने आपापल्या भागातला दगड घ्यायचा होता. मी साखळीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी एका व्हाळात, ओढ्याच्या पात्रात, उतरून करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा धोंडा उचलून आणला. तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला दगड काढला. तिच्या गावाजवळच्या समुद्रकाठचा. मी माझा धोंडा त्याच्या शेजारी ठेवला. तसेच पट्टे, तोच करडा रंग.

"यातला माझा कुठला?" तिने विचारलं. ती गंमत करत नव्हती.

शिकवणाऱ्या मॅडम आल्या, दोन्ही दगड हातात घेऊन पाहिले. "दिसण्यावर जाऊ नका," त्या म्हणाल्या. "असे दगड खूप ठिकाणी असतात. आत काय आहे ते बघू."

मग आम्ही ते दगड फोडले, दळले, चाळले. दोन्ही भुकट्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून दरवेळी यंत्र पुसून लख्ख करायचं. शेवटी पसरट भांड्यात भुकटी घेऊन पाण्यात हलवायची. हलकं वाहून जातं, जड तळाला राहतं. मला हसूच आलं. घरी तांदूळ रोळतो तसंच हे! फक्त इथं तांदूळ टाकून द्यायचे आणि खडे ठेवायचे. मी तिला हातांनी तांदूळ रोळून दाखवले. तिला लगेच कळलं, कारण तिची आईही असंच करायची.

तळाशी उरलेलं चिमूटभर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. त्यातून झिरकॉन नावाच्या खनिजाचे कण सुईच्या टोकाने वेचायचे होते. वाळूच्या दाण्याहून बारीक, लांबट, फिकट गुलाबी, उजेड आत घेणारे. खाणीत इतकी वर्षं मी दगड कुटला, पण कुटायच्या आधी त्याच्या आत डोकवायचं कधी सुचलं नव्हतं.

"हे कण तयार झाले तेव्हा पृथ्वीवर झाड नव्हतं, मासा नव्हता," मॅडम म्हणाल्या. "दगड झिजतो, वितळतो, पुन्हा घडतो. हे बहुतेक वेळा टिकतात. आपलं वय आत धरून ठेवतात."

मी सुई खाली ठेवली. पुन्हा एकदा ते कण नुसते बघितले.

त्याच दिवशी त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर कागदातून कापलेलं मादागास्कर आपल्या पश्चिम किनाऱ्याला चिकटवून दाखवलं. एके काळी ही एकच जमीन होती. डायनासोरांच्या काळात ती तुटली आणि मध्ये समुद्र शिरला.

एका रविवारी मी माझ्या मैत्रिणीला घरी जेवायला नेलं. आईने भात आणि माशाचं हुमण केलं होतं. जेवण झाल्यावर मैत्रीण स्वयंपाकघरात गेली, भाताच्या टोपाच्या तळाला लागलेली खरवड बघून खूश झाली आणि खुणेने पाणी मागितलं. त्याच टोपात पाणी उकळून तिने ते तांबूस, करपट वासाचं पाणी पेल्यांत ओतलं. त्यांच्याकडे जेवणानंतर हेच पितात. आईने एक घोट घेतला, मग दुसरा.

"पेजेची बहीण गो ही," आई म्हणाली. "हिचो गाव खंय?"

"समुद्रापलीकडे. पण आधी आपल्याला लागून होता."

आईला वाटलं, मी चेष्टा करतेय.

वेचलेले कण वय मोजायला बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेले. प्रशिक्षण संपलं, मैत्रीण परत गेली, मला त्याच संस्थेत काम मिळालं. निकाल यायला बरेच महिने लागले. आला तेव्हा मॅडमनी मला बोलावलं. संगणकावर दोन आलेख होते, दोन्ही दगडांतल्या कणांच्या वयांचे. त्यांनी एक उचलून दुसऱ्यावर ठेवला. दोन्हींचे उंचवटे जवळजवळ एकावर एक बसले. तीनशे कोटी वर्षांच्याही मागे.

"एवढ्याने सिद्ध होत नाही," मॅडम म्हणाल्या. "इतरांनी केलेल्या कामाशी जुळतं, एवढंच म्हणू." पण त्याही स्क्रीनवरून नजर काढत नव्हत्या.

मी तिथूनच मैत्रिणीला आलेख पाठवला. तासाभराने तिचा फोनच आला. ती वर्गातून बाहेर येऊन बोलत होती, मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. "मी मुलांना आत्ताच दाखवलं," ती म्हणाली आणि फोन वर्गाच्या दाराकडे धरला. मी तो गलका ऐकत राहिले.

संध्याकाळी घरी आईला जुळलेल्या आलेखांचं आणि तुटलेल्या जमिनीचं सांगितलं. या वेळी तिने सगळं ऐकून घेतलं. जनेलापाशी, खिडकीच्या उजेडात, भाजी चिरत बसली होती, ती थांबली.

"मगे तुटली तेव्हा केवढो आवाज झालो असतलो!"

"आवाज नाही गे. हळूहळू, वर्षाला बोटभर सरकत."

"आणि बघूक कोण नाय?"

"माणूस नव्हताच तेव्हा."

ती जनेलातून बाहेर बघत राहिली. विळी तशीच समोर होती. "अजून सरकता?" तिने हळूच विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आत्तासुद्धा."

तिने पाय जवळ ओढून घेतले आणि जमिनीवर हाताचा तळवा टेकवला.