आतून कुलूप

बातमी लिहून झाली की पेपरात जाते. किस्से मात्र बातमीदाराकडेच राहतात. पोलीस ठाण्याच्या बाकावर उमेदीची वर्षं काढली की ते इतके साठतात, की एक सांगायला घ्यावा तर मागचे ढकलाढकली करतात! लोणावळ्याच्या ठाण्यातले माझे बहुतेक किस्से एकाच माणसाचे. फौजदार शितोळे. साठ सालानंतरचा काळ.

सुरुवातीचे शितोळे मला मुळीच आवडत नसत. अफू खाणारा सापडला की कोठडीत. अफू न मिळाल्यानं तो तळमळू लागला की म्हणत, "नाटकं! अफू बुटानं उतरते!"

स्टेशनवर कोंडिबा नावाचा हमाल होता, जवळच्या भुशी गावचा. बंगलेवाल्यांच्या ट्रंका वाहून कंबर गेली, म्हणून अफू खायचा. त्याच्या वाट्याला हे औषध बरेचदा आलं. मी भांडलो, तर मला म्हणाले, "तुम्ही कॉलेजवाले. तुम्हाला काय कळतंय?"

* * *

मग खंडाळ्याच्या घाटात शितोळ्यांची जीप उलटली. मांडीचं हाड मोडलं. दुखणं थांबावं म्हणून दवाखान्यात मॉर्फिनच्या सुया दिल्या. हाड जुळलं, सुया बंद झाल्या, पण शरीर मागतच राहिलं. शेवटी फौजदारसाहेब अफूवर आले!

सोडायचं ठरवलं तेव्हा बायकोला म्हणाले, "मला खोलीत कोंड. काहीही म्हटलं तरी दार उघडू नकोस." दुपारीच आतून गर्जना झाली, "हवालदार! दार तोडा!"

हवालदार गायकवाड धावत आले आणि बंद दाराला सॅल्यूट ठोकला. "वहिनी, बाजूला व्हा. साहेबांचा हुकूम हाय."

वहिनी दारासमोर पाट टाकून तांदूळ निवडत होत्या. "साहेब रजेवर हायेत, भाऊ. हितं हुकूम माझा!"

गायकवाडांनी वहिनींना सॅल्यूट ठोकला आणि मुकाट्यानं परत गेले.

* * *

बरे झाल्यावर शितोळ्यांनी वरिष्ठांना सगळं खरं सांगितलं. गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता! उत्तर आलं, मोठे साहेब तपासणीला येतील, मग तुमच्या नोकरीचं ठरेल.

पुण्यात माझ्या संपादकाला वास लागला. "'अफूबाज फौजदार!' चार कॉलम देतो."

"'अफू सोडलेला फौजदार' म्हणा, आत्ता लिहितो."

"त्यात बातमी काय?"

"वर्दीतला माणूस आपण होऊन खरं बोलला, ही बातमी नाही?"

त्यानं खंडाळ्याचं फुलांचं प्रदर्शन छापलं. मला अजून राग येतो!

* * *

एकदा चोरीच्या संशयावरून एका ड्रायव्हरला आणलं. नाक गळतंय, डोळ्यांत पाणी, जांभयांवर जांभया. गायकवाड म्हणाले, "सर्दी झालीय, साहेब."

"सर्दी नाही, याची अफू तुटलीय. चिक्की आणा."

"आरोपीला चिक्की? लोणावळा बघाया आलाय का ह्यो?"

"अशा वेळी गोडानं बरं वाटतं, गायकवाड. मला विचारा! आणि याला अफू विकणाऱ्या शेठला बंगल्यातून उचलून आणा." गायकवाड निघाले, तसे शितोळे मागून ओरडले, "बूट घालून जा!"

* * *

आणि ती तपासणी. मोठे साहेब न कळवता आले. मी बाकावर होतोच. साहेब थेट कोठडीकडे गेले आणि थबकले. आत कोंडिबा अंग मुडपून पडलेला. शेजारी जमिनीवर वर्दीतले शितोळे त्याच्या पायांना तेल चोळत होते. दाराला कुलूप, तेही आतून!

"शितोळे! यात आरोपी कोण आणि फौजदार कोण?"

शितोळे उठू लागले. कोंडिबानं त्यांचा हात धरला. "साहेब, गुन्हा कुणाचाच न्हाई. माजा मी आलोय. म्हनलं, फौजदार अफूतनं सुटलं, मला बी सोडवा."

"मग तुम्ही आत कशाला बसलात?"

"मला कोंडलं होतं तेव्हा दाराबाहेर बायको होती, साहेब," शितोळे म्हणाले. "आत कुणी नव्हतं."

गेली नोकरी! गायकवाडांनी डोळेच मिटले.

साहेबांनी टोपी काढून काखेत धरली. गायकवाडांना बाहेर पाठवलं. मला पाठवायचं विसरले. मग गजांना अगदी चिकटून, हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"शितोळे, आमच्या घरी... तेल गरम घ्यायचं की गार?"

"गरम, साहेब. आणि चोळताना बोलत राहायचं."