मांडीवरचा बाण

ऑपरेशनच्या आधी शिकाऊ डॉक्टरांनी माझ्या उजव्या मांडीवर मार्करने जांभळा बाण काढला, टोक गुडघ्याकडे. "चुकून दुसरा पाय उघडायला नको," ते हसत म्हणाले. आता तुटलेल्या लिगामेंटच्या जागी माझ्याच मांडीमागची स्नायूची दोरी काढून बसवली आहे. टाके बँडेजखाली झाकले गेले, पण त्याच्या वर तो बाण अजून तसाच आहे. आई खोबरेल तेलाचा बोळा घेऊन तो पुसायला आली, तेव्हा मी म्हटलं, "राहू दे गं."

दिवसभर मी त्याच्याकडेच बघत पडून असतो. किती काटेकोर माणसं ही! दुखणं कुठे आहे हे चुकू नये म्हणून बाण काढतात. ते कुणामुळे आहे, हे दाखवणारा बाण मात्र कोणी काढत नाही. कबड्डीच्या मैदानात गुडघा कट्‌कन वाजला, तेव्हा आमचे सर म्हणाले होते, "मुरगळलाय नुसता. नाटकं बास, पट्टी बांध आणि चढाईला जा." तीन महिने मी पट्टी बांधून खेळलो. "लगेच आला असतास तर गुडघ्यातली गादी तरी वाचली असती," असं मोठे डॉक्टर म्हणाले.

राग सोडला की जखम लवकर भरते, असं आई म्हणते. जखम भरू दे. राग मी पोसणार आहे.

संध्याकाळी सर शहाळं घेऊन आले. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून म्हणाले, "काय वाघा, कधी उतरतोस मैदानात?"

मी चादर बाजूला सारली. बाणाचं टोक बरोबर त्यांच्याकडे होतं. त्यांची नजर त्यावर पडेपर्यंत मी पाय हलवला नाही.