आटू दे मेलीचं

दृष्ट, करणी, मीठमिरच्या ओवाळणं... मी दहावी झालेली बाई, असल्या गोष्टींना हसणारी. तरी लिहितेय, कारण इथे दृष्ट लावणारी मीच होते.

१९९८चा मार्च. तासगावजवळ आमच्या मळ्यात द्राक्षं तोडणीला आलेली. मी आणि माझी धाकटी जाऊ लता, दोघी दोन महिन्यांच्या बाळंतिणी. माझे मालक ट्रकवर ड्रायव्हर. त्यांच्यामुळे मला एचआयव्ही झालेला. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, अंगावरचं दूध बाळाला धोक्याचं, पण ठरवायचं तुम्ही. मी डब्याचं दूध ठरवलं. दूध आटायच्या गोळ्या घेतल्या आणि घरात सांगितलं — मला दूधच येत नाही.

मग रोज बघायचं! लता ओट्यावर पाय पसरून पोराला पाजायची. सासूबाई म्हणायच्या, "धाकटीला बगा, लय दूध हाय. थोरली निस्ती कोरडी हीर." मी बाटल्या उकळत बसायची. नुसता जळफळाट व्हायचा. एकदा दुपारी मनात अगदी स्पष्ट म्हटलं — आटू दे मेलीचं!

दुसऱ्या दिवशी लताचं पोर रडून रडून लालबुंद. तिला थेंब येईना. आणि माझं पोलकं... दोन महिने कोरडं असलेलं, ओलंचिंब.

लतानं ते बघितलं. पोर सरळ माझ्या मांडीवर टाकलं. आमच्यात जावा एकमेकींची पोरं पाजतातच, विचारतं कोण?

"आवं आक्का, घ्या की पदराखाली! तुमास्नी आलंय न्हवं!"

पोर तोंड लावायला धडपडत होतं. खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं, पाजावं. तिचं पोर माझ्या छातीशी! मग त्याचं तोंड हातानं दूर धरलं.

"जळताय व्हय माज्यावर?" लता ओरडली.

"व्हय, जळते! पर त्यापायी न्हाई. माज्या दुधातनं रोग जाईल गं त्याला... एड्सचा."

तिनं पोर झटकन उचललं. मला वाटलं, संपलं सगळं. ती चुलीपाशी गेली, माझी बाटली उकळत्या पाण्यात टाकली आणि विचारलं, "पावडर किती चमचं?"

सकाळी तिचं दूध परत आलं, माझं गेलं. डॉक्टर म्हणाले, मनाच्या ताणानं होतं असं. दोघींना एकाच दिवशी? त्यावर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मलाही आजवर कळलेलं नाही.

माझी मुलगी निरोगी निघाली. लतानं कुणाला काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ती माझ्याकडे पाठ करून पोराला पाजायची. मला वाईट वाटू नये म्हणून, की माझी भीती वाटायची म्हणून... विचारायची हिंमत झाली नाही. हेवा मात्र तसाच वाटत राहिला.