पाठवणीच्या गाडीची चाकं

आमच्या गावातून लग्न होऊन गेलेल्या कुठल्याही बाईला विचारा, सासरी कशात बसून गेलीस? माझ्याहून थोरल्या असतील त्या ट्रॅक्टर म्हणतील, जीप म्हणतील. माझ्यापासून पुढं मात्र उत्तर एकच, गहिनीदादाची एस्टीम. माझ्यापासून म्हणते, कारण त्या गाडीतून गेलेली पहिली नवरी मीच.

गहिनीनाथ माझा चुलतभाऊ. शेवगावच्या अलीकडं आमचं गाव, तिथं त्याची कपाशी, तूर आणि दारात म्हशी. डोक्यात मात्र पहिल्यापासून गाडी. नगरच्या एका डॉक्टरांनी वापरलेली पांढरी एस्टीम त्यानं घेतली, तेव्हा भावकीनं त्याला वेड्यात काढलं. या गाडीत कडबा बसतो का, म्हशीचं रेडकू बसतं का, असं जो तो विचारायचा. त्याच महिन्यात माझं लग्न होतं. ऐन पाठवणीच्या वेळी वऱ्हाडाची जीप सुरू होईना. वऱ्हाडी उन्हात ताटकळलेले, सासूबाईंचा चेहरा बघवेना. तेव्हा माझे वडील, अण्णा, गर्दीतून वाट काढत गहिनीदादाकडं गेले आणि म्हणाले, "गहिनी, आपल्या पोरीला सोडून ये."

ती एवढी एक गोष्ट त्यानं जी धरली ती धरलीच. त्यानंतर गावात कुणाच्याही पोरीचं लग्न असो, मराठ्यांच्या, वंजाऱ्यांच्या पोरीचं असो की वेशीपलीकडच्या ख्रिस्ती आळीतल्या याकोब सरांच्या लिडियाचं असो, आदल्या दिवशी एस्टीम धुऊन पुसून मांडवापुढं उभी. भाडं घ्यायचं नाही. टॉवेल-टोपी घ्यायची, नारळ घ्यायचा आणि निघायचं.

त्याची एक पद्धत होती, ती आम्ही पोरीच जाणतो. गावाची शिव आली की नवरीवरून नारळ उतरून फोडायचा, ही रीत. नारळ फोडून झाला की गहिनीदादा नवरदेवाच्या खिडकीशी जायचा आणि गंभीर तोंड करून म्हणायचा, "दाजी, जरा खाली उतरता का? टायर बघू." करवली असली तर तिला नारळाचे तुकडे गोळा करायला लावायचा. मग नवरदेवाला घेऊन चारी चाकांभोवती फिरायचा, एकेक टायर थोपटायचा, खाली वाकायचा, हवा कमी वाटते का म्हणून विचारायचा. बिचारे नवरदेव! फेटा सावरत तेही वाकायचे. तेवढा वेळ नवरी गाडीत एकटी. मागं वळून गाव बघायचं, हवं तेवढं रडायचं, नाक पुसायचं. तिचं होईपर्यंत टायरांची तपासणी संपत नसे. माझ्या वेळी तर त्यानं स्टेपनीसुद्धा काढून पाहिली. आमच्या ह्यांना कितीतरी वर्षं वाटत होतं की तुमच्या भावाच्या गाडीचे टायर फार खराब होते.

तर अशा या गाडीला गेल्या दिवाळीत त्याची स्वतःची पोरगी डबा म्हणाली.

सृष्टी त्याची एकुलती एक. शिकली, पुण्यात नोकरीला लागली, आणि राहुरीकडच्या हर्षलशी तिचं जमलं. मुलगा चांगला. त्यांच्याकडून पाठवणीला काळी, छत उघडणारी मोठी गाडी येणार होती. सृष्टीनं ते आनंदानं सांगितलं, तेव्हा गहिनीदादा म्हणाला, "आपली एस्टीम हाय की." त्यावर ती हसून म्हणाली, "पप्पा, त्या डब्यातून?"

मला हे कळलं तेव्हा माझा पारा असा चढला म्हणून सांगू. मी नगरला सावेडीत राहते, नाहीतर तिथल्या तिथं कान उपटला असता. फोनवर उपटला. "ज्या डब्यातून तुझी आत्या गेली, अर्धं गाव गेलं, त्यात बसायला तुला काय झालं?" पोरगी वाईट नाही. मग म्हणाली, "आत्या, निदान ती चाकं तरी बदला. फोटोत किती बापुडवाणी दिसतात."

गहिनीदादाला तेवढं पुरलं. दुसऱ्या आठवड्यात तो एस्टीम घेऊन माझ्या दारात. मोबाईलवर सृष्टीनं पाठवलेला फोटो, काळ्याभोर अलॉय चाकांचा. चहासुद्धा नीट प्यायला नाही. म्हणाला, "ज्योते, समद्यांच्या पोरी पोचवल्या. माजी बी मीच पोचवनार. चाकानं अडायला नगं." त्याला दुसरं काही नको होतं, मानपान नको, आहेर नको. एकदा आपली पोर आपल्या गाडीत मागं बसलेली आरशात बघायची होती.

आम्ही पॉलभाऊंकडं गेलो. स्टेशन रोडच्या बाजूला त्यांचं चाकं-टायरचं दुकान आहे आणि आमच्या घरच्या गाड्या तिथंच जातात. मोठा गप्पिष्ट माणूस. त्यांनी फोटो पाहिला, एस्टीमकडं पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"बसंल," ते म्हणाले, "पण शोभंल का आणि चालंल का, ह्या दोन गोष्टी निराळ्या."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. चाकाला चार नट, ते ज्या गोलावर असतात त्याचं माप गाडीच्या मापाशी तंतोतंत जुळलं पाहिजे, त्यात उन्नीस-बीस चालत नाही. ते जुळत होतं. मधलं भोक मोठं होतं, त्याला आतून रिंग बसवता येते, नाहीतर जोरात गेल्यावर स्टिअरिंग थरथरतं. खरी अडचण ऑफसेटची, म्हणजे चाक आत किती बसतं आणि बाहेर किती येतं त्याची. सृष्टीची चाकं पंधरा इंची आणि रुंद, ती पत्र्याच्या बाहेर डोकावणार होती. "त्यापेक्षा चौदा इंची घ्या," पॉलभाऊ म्हणाले. "टायर थोडं बुटकं टाकू, म्हणजे बाहेरून चाकाची उंची आत्ताएवढीच राहील. मीटरबी चुकणार नाही."

गहिनीदादानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरीला ही आवडल्यात. लावून तर बघू."

लावली. आणि खोटं कशाला बोलू, गाडी दिसली सुरेख. मीसुद्धा दोन पावलं मागं जाऊन पाहिली. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, कुठं लागलं नाही. पॉलभाऊंनी चक्कर मारून आणली, काही आवाज नाही. तेही म्हणाले, "वाटलं होतं त्यापेक्षा बरं बसलंय." मी पर्स उचलली. गहिनीदादा मात्र जागचा हलेना.

"आता मान्सं बसवा," तो म्हणाला.

"कुठली माणसं?"

"पाठवनीची गाडी हाय ही. नवरा, नवरी, करवली, एखादी म्हातारी, फुडं एक जन आन् त्याच्या मांडीवर एक पोरगं. डिकीत रुखवताची भांडी, लाडवाचं डबं, पोरीची पेटी. रिकाम्या गाडीचं काय बघायचं? रिकामी ती कदी जातीच न्हाई."

पॉलभाऊ हसायला लागले, पण माणसं गोळा केली. नवरदेवाच्या जागी ते स्वतः बसले, नवरीच्या जागी त्यांची बायको स्टेला, आणि ती बसताना पदर सावरून अशी काही लाजली की समोरचा चहावाला हातातली किटली घेऊनच बघायला आला. त्यालाही मागं कोंबला. करवली मी. माझ्या वयाला आणि वजनाला करवली म्हणणं कठीण, पण गहिनीदादा म्हणाला, "तू म्हातारीच्या हिशेबात." याचा राग मी अजून धरून आहे. पुढं शेजारच्या गॅरेजचे मालक. डिकीत बॅटऱ्या आणि जुनी लोखंडी चाकं. गहिनीदादा स्टिअरिंगवर बसला आणि आमचं वऱ्हाड निघालं.

मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसल्यावर मला एकदम तो जुना वास आला, सीटच्या कापडाचा, थोडा पेट्रोलचा, थोडा अगरबत्तीचा. आरशात गहिनीदादाचे तेच डोळे, फक्त भुवया पांढऱ्या. क्षणभर माझ्या हातात हिरवा चुडा असल्यासारखं वाटलं. किती भाबडी होते मी तेव्हा, आणि अण्णा होते.

तेवढ्यात पहिला गतिरोधक आला आणि मागून आवाज झाला, खर्रर्र.

दुसऱ्या गतिरोधकावर पुन्हा तेच. गाडी भरल्यावर खाली बसत होती आणि मागच्या टायरची बाहेर आलेली कड पत्र्याला घासत होती. गहिनीदादानं गाडी कडेला घेतली, उतरून हात घालून पाहिलं. टायरच्या कडेचं रबर सोलवटलं होतं.

"करंजीच्या घाटात ह्ये टायर फुटंल," तो एवढंच बोलला.

पॉलभाऊंनी पत्र्याची कड ठोकून वळवून देतो म्हटलं, तसं करतातही. पण त्या पत्र्याला हातोडा लावू द्यायला तो तयार होईना. शेवटी चौदा इंची चाकं निघाली, साधी, चंदेरी, आत नीट बसणारी. टायर किती वजन पेलेल आणि कधी बनलंय, हे दोन्ही त्यावर छापलेलं असतं, ते पॉलभाऊंनी वाचून दाखवलं. पुन्हा तेच वऱ्हाड, तेच गतिरोधक. आवाज नाही. गहिनीदादानं फोटो काढून सृष्टीला पाठवला आणि उत्तर येईपर्यंत दुकानापुढं येरझाऱ्या घातल्या. मला त्याची कीव आली आणि पोरीचा पुन्हा राग आला. उत्तर आलं, "काळी नाही मिळाली का? पण छान आहेत, पप्पा. आपल्याच गाडीतून जाऊ." त्यानं तो मोबाईल मला दाखवला, पॉलभाऊंना दाखवला आणि चहावाल्यालाही दाखवला.

वैशाखात लग्न झालं. हळदीच्या दिवशी एस्टीम मांडवापुढं उभी होती, नव्या चाकांवर, झेंडूच्या माळा घालून. गहिनीदादा स्वतःसाठी पांढरा सफारी शिवून बसला होता. आमची मनकर्णाआत्या, आमच्या नि गहिनीदादाच्या घरची वडीलधारी, बाजेवर सुपारी कातरत होती. तिनं सहज विचारलं, "गाडी कोन नेनार रं उंद्या?"

"मीच की."

आत्याचा अडकित्ता थांबला. "येडा का खुळा तू? बाप कुटं पोरीसंगं सासरी जात असतो व्हय?"

मला वाटतं तोपर्यंत कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. माझ्याही नाही. इतकी वर्षं पाठवणी म्हणजे गहिनीदादा गाडीत, हे इतकं ठरलेलं की या वेळी तो बाप आहे हेच आम्ही विसरलो होतो. तोही विसरला होता.

"आत्या, मी बाप म्हनून न्हाई जात. डायवर म्हनून जातो."

"आन् मांडवात पोर गळ्यात पडंल तवा? तवा कोन रडंल, डायवर?" आत्या जरा मवाळ झाली. "गहिन्या, बापानं मागं ऱ्हायाचं असतं, बाबा. पोरीनं वळून बघितलं तर दारात कुनीतरी दिसाय पायजे."

माझ्या ओठांवर आलं होतं, की जाऊ द्या हो त्याला, मोडा ती रीत. पण मी त्याच्याकडं पाहिलं आणि कळलं, त्याला आत्याचं पटलं होतं. त्या रात्री त्यानं पुतण्याला, समर्थला, गाडीत बसवून क्लच कुठं उचलतो आणि शिवेवर काय करायचं ते समजावून सांगितलं. किल्ली मात्र सकाळी दिली.

पाठवणीला सृष्टी त्याच्या गळ्यात पडली ती सुटेना. ज्या पोरीनं डबा म्हटलं होतं, तीच म्हणत होती, "पप्पा, तुम्हीच चला ना." त्यानं तिला मागच्या सीटवर बसवलं, साडीचा पदर आत घेतला आणि दार लावलं. गाडी भरलेली, मागून खाली बसलेली. समर्थनं हॉर्न दिला आणि एस्टीम निघाली.

बायका मांडवात गेल्या, वाढपी पंगतीची भांडी उचलू लागले. गहिनीदादा रस्त्यावरच उभा. मी त्याच्याजवळ गेले.

"चाक घासत न्हाई," तो म्हणाला.

"नाही घासत."

"ज्योते, मी ही गाडी जाताना कदी बघितलीच न्हवती गं. कायम आत." त्यानं तोंडावर टॉवेल धरला, बराच वेळ धरला. मग विचारलं, "तुला घेऊन निघालो, तवा अन्नाला नुसता हात केला मी. मागं बघितलं बी न्हाई. किती येळ हुबे हुते गं अन्ना?"

"आई सांगायची, दिवेलागण झाली तरी घरात येईनात."

गाडी दिसेनाशी झाली होती. मांडवातून आत्याची हाक आली, जेवायला बोलावत होती. गहिनीदादानं तिकडं हातानंच नको म्हणून खूण केली.

"मंग मी बी थांबतो जरा," तो म्हणाला.

मी मांडवातून दोन खुर्च्या आणल्या.