नोरीनच्या आईचा खोका

किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. ऑफिसच्या फ्रीजमधल्या बेवारस डब्यांसारखे ते मागे राहतात, आणि एक दिवस उघडून बघितलं की कळतं, अरे, हा तर माझाच! इंग्लंडमधल्या स्लाऊच्या एका वेअरहाउसमध्ये मी स्टॉकचं सॉफ्टवेअर सांभाळायचे. समोरच्या डेस्कवर नोरीन, पन्नाशीची, मूळची आयर्लंडमधल्या मेयोची. माझे बहुतेक डबे तिच्याच कप्प्यातले.

*

पहिल्या वर्षी तिनं सेंट पॅट्रिकच्या दिवशी, म्हणजे सतरा मार्चच्या आयरिश सणाला, आम्हाला घरी जेवायला बोलावलं. पबबाहेर हिरव्या टोप्या घातलेली माणसं मी बघितली होती. म्हटलं, आपण कमी पडायला नको. हिरवी पैठणी, हिरवा चुडा, हिरवी टिकली. दार उघडलं तर नोरीन राखाडी कार्डिगनमध्ये. हिरवं म्हणजे फक्त छातीशी पिनेनं टोचलेली चार पानं.

"घरी आम्ही एवढंच करतो," ती म्हणाली. "पण ये तू. कोपऱ्यात ख्रिसमस ट्रीची जागा रिकामीच आहे."

"मी सांगत होतो," मकरंद, माझा नवरा, मागून पुटपुटला. "डोहाळजेवणाला निघाल्यासारखी दिसतेयस."

*

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस नोरीन काहीतरी सोडते. दुसऱ्या वर्षी चॉकलेट सोडलं होतं. पण पॅट्रिकच्या दिवशी सूट! उपासाच्या मधोमध सुट्टी, हे मला फारच पटलं. मी उत्साहानं साबुदाण्याची खिचडी करून नेली. तिनं दोनदा घेतली, आणि मग विचारलं, उपासाला तुम्ही हे खाता? मी अभिमानानं हो म्हटलं.

"मग एरवी काय खाता?"

त्याच दुपारी तिच्या आईचा फोन आला. चर्चला जाऊन आलीस का? नोरीन एप्रन बांधून बटाटे सोलत होती. "आत्ताच आले, मॅमी." फोन ठेवून मला म्हणाली, आईशी आम्ही खोटं बोलत नाही, झाडं आणि चर्च सोडून.

*

झाडं म्हणजे शॅमरॉक, त्या दिवशी छातीशी टोचायचं ते. तीन-तीन पानांचं, कोवळ्या मेथीसारखं दिसतं. मॅमी दर वर्षी मेयोच्या अंगणातून उपटून, ओल्या कापसात गुंडाळून, छोट्या खोक्यात घालून पोस्टानं पाठवायची. तिसऱ्या वर्षी नोरीननं तो खोका घर तापवणाऱ्या रेडिएटरवर ठेवला. सतरा तारखेला छातीवर कसूरी मेथी.

*

त्या दिवाळीला मी मॅमीला चकल्या पाठवल्या. फोन आला: दात हलला, डबा संपला, अजून पाठव.

*

चौथ्या वर्षी खोका आलाच नाही.

एरवी दहा तारखेला यायचा. बारा झाली, चौदा झाली. नोरीन रोज फोन करायची, मॅमी म्हणायची, पाठवलं म्हटलं ना, आणि ठेवून द्यायची. मेयोतला भाऊ वेगळंच सांगत होता. आई हल्ली गॅस चालू ठेवते, नावं विसरते. त्यानं एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. नोरीन अडून बसली होती, पण तिनंच त्याला सांगून टाकलं होतं, ज्या वर्षी आई खोका विसरेल त्या वर्षी मी आश्रमाच्या कागदांवर सही करेन.

सोळाला तिनं मॉनिटरकडे बघत विचारलं, "तुझी आई काही विसरते का गं?" माझी आई पुण्यात एकटी. मी घरी जाऊन तिला फोन केला आणि उगाच सगळ्या मावश्यांचे वाढदिवस विचारले. आईला वाटलं, मलाच काहीतरी झालंय.

सतराला नोरीनकडे टेबल मांडलं होतं. बेकन, कोबी, बटाटे, टीव्हीवर डब्लिनची परेड. कोणी बघत नव्हतं. कार्डिगनवर नुसती पिन. भावाचे कागद मायक्रोवेव्हवर, पेनासकट.

फोन वाजला. नोरीननं स्पीकरवर टाकला. चर्चचं विचारून झालं आणि मॅमी म्हणाली, "त्या चकलीवालीला दे."

मी खुर्ची पुढे ओढली.

"गेल्या वर्षी हिनं माझं शॅमरॉक रेडिएटरवर भाजलं. मला वाटलं, कळणार नाही? नातवानं हिचा फोटो दाखवला, मागे रेडिएटरवर माझा खोका. म्हणून या वेळी तुझ्याकडे पाठवलं. चकल्यांच्या डब्यावर पत्ता होता तुझा. हिला बोलले नाही, म्हटलं, बसू दे जरा काळजी करत. आठवडा झाला ना पोचून?"

नोरीननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. हसतेय की रडतेय, कळेना.

मी मकरंदकडे बघितलं. पोस्ट तोच उचलतो. त्यानं तोंडातला बटाटा सावकाश गिळला.

"अगं, एक खोका आला होता," तो हळूच मराठीत म्हणाला. "मला वाटलं, तुझ्या आईनं मसाला पाठवला. बॉयलरच्या गरम कपाटात ठेवलाय. सादळायला नको म्हणून."

"हॅलो?" मॅमी म्हणाली. "पाणी घालतेस ना त्याला?"

नोरीननं तोंडावरचे हात काढले आणि माझ्याकडे बघितलं.

"हो, मॅमी," मी म्हटलं. "सकाळ-संध्याकाळ."