दाजींच्या रेकॉर्डमधला टक्क

आमच्या दाजींचे केस खांद्यापर्यंत येतात आणि धंदा आहे सलूनचा. ताईने या माणसाशी लग्न ठरवलं तेव्हा आमचे वडील एवढंच म्हणाले होते, "ज्याला स्वतःचे केस कापायला सवड नाही, तो दुसऱ्यांचे काय कापणार?" पण प्रश्न सवडीचा नव्हताच. दाजींच्या लाडक्या बँडमध्ये पाच पोरं, पाचांचेही केस खांद्यापर्यंत, आणि त्यातल्या ड्रमवाल्यासारखे आपण दिसतो असा दाजींचा ठाम समज. नाही दिसत. मी रेकॉर्डचं कव्हर पाहिलंय.

मी त्यांची मेव्हणी, त्यामुळे हे बोलायचा मला हक्कच आहे. शिवाय आमचं दुकानही एकच आहे. मध्ये प्लाय ठोकलंय. तिकडे त्यांचं सलून, इकडे माझं ब्यूटी पार्लर. प्लाय नुसतं नावाला. तिकडे कोणी शिंकलं तर माझ्या खुर्चीतली बाई दचकते. म्हणजे तो बँड मी लग्न न करताच गळ्यात बांधून घेतलाय.

ते पाच जण कुठल्या भाषेत गातात हे दाजींनाही नक्की सांगता येत नाही. "भाषेचं काय घेऊन बसलीस? सूर बघ," म्हणतात. पुढे तो बँड फुटला, त्या दिवशी दाजींनी दुकान बंद ठेवलं आणि दारावर पाटी लावली, 'दुःखद घटनेमुळे बंद'. गिऱ्हाइकं घरी भेटायला आली! दाजी खाली मान घालून बसलेले. एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "घरातलं कोण हो?" दाजी म्हणाले, "पाचही जण वेगळे झाले." म्हाताऱ्याने सुस्कारा सोडला. "वाटणीपायी असंच होतं बघा. सख्खे भाऊ असले तरी." दाजींनी मान डोलावली. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होते आणि ताई मला चिमटे काढत होती.

आता सलूनची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कटिंगला त्या बँडच्या रेकॉर्डची पहिली बाजू, दाढीला दुसरी. नेमाचं गिऱ्हाईक आत येतानाच सांगतं, "आज दुसरी बाजू." त्या दुसऱ्या बाजूवर एक गाणं आहे. गाणारा चढत चढत अगदी वर जातो आणि ऐन शिखरावर सुई अडखळते. टक्क! मधला तुकडा गिळून गाणं थेट ड्रमवर पडतं. रेकॉर्डवर तिथे लांबलचक चरा आहे. तोवर दाजींनी गिऱ्हाइकाचा डावा गाल उरकलेला असतो. टक्क झालं की गिऱ्हाईक डोळे मिटूनच मान फिरवतं आणि ड्रमच्या ठेक्यावर उजवा गाल सुरू. तोंडाने कोणी काही बोलत नाही. सगळा कारभार त्या टक्कावर.

तो चरा आमच्या ताईने पाडलाय. लग्न नवं होतं. ताट वाढून तिने हाक मारली, दाजींनी बोट वर केलं, "हे गाणं होऊ दे." पुन्हा हाक, पुन्हा बोट. मग मात्र ताईचं डोकं सटकलं. ती तरातरा आली, सुई धरली आणि खर्रकन ओढली. दाजी एक शब्द बोलले नाहीत. गुमान उठले, हात धुतले, जेवायला बसले. तेच ताईला लागलं. "चार शिव्या घातल्या असत्या तर फिटलं असतं गं," ती मला कितीदा म्हणाली असेल. "पण हे आपले रोज दुकानात तोच चरा वाजवतात. मला टोचायलाच ना?"

ताई लायब्ररीत नोकरीला. पुस्तक हरवलं तर तसंच्या तसं दुसरं शोधून काढायचं, हे तिच्या अंगात भिनलेलं. तिने त्याच रेकॉर्डची कोरी प्रत शोधायला घेतली. कुठे कुठे फोन केले, कोणाकोणाच्या ओळखी काढल्या, आणि शेवटी मिळवलीच. एक चरा नाही, एक डाग नाही. ती तिने दाजींच्या हातात ठेवली. "घ्या," म्हणाली. "आता आपली फिटंफाट." दाजींनी रेकॉर्ड उजेडात धरून फिरवून पाहिली आणि म्हणाले, "वा!" त्या 'वा'मध्ये काही दम नव्हता. मला तेव्हाच शंका आली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तर दाढीला आले. मास्तर म्हणजे शाळेत गणित शिकवणारे, आणि मिशी अशी की आधी मिशी वर्गात शिरायची, मग मास्तर. दाजींनी कोरी रेकॉर्ड लावली. डावा गाल झाला. गाणारा चढला, चढला, शिखरावर पोचला. दाजींचा हात सवयीने उजव्या गालाकडे निघाला. मास्तर मात्र डोळे मिटून टक्काची वाट बघत तसेच बसलेले. टक्क येतोय कुठला! जिथे गाल असायला हवा होता तिथे वस्तऱ्याला मिशी भेटली.

मास्तरांची ती आरोळी ऐकून माझ्या खुर्चीतली बाई फेसपॅकसकट उठून उभी राहिली. एक बाजू गेल्यावर दुसरी ठेवून करायचं काय? तीही उतरवली. मास्तर आरशात स्वतःकडे बघत म्हणाले, "हा कोण?"

त्या दिवसापासून दाजींनी लबाडी सुरू केली. कव्हर नवं, आत रेकॉर्ड जुनी. प्लायमधून टक्क ऐकू आला आणि मी कपाळावर हात मारला. जाऊन म्हटलं, "दाजी, ताईला कळलं तर?" त्यांचा चेहरा पार उतरला. "नको गं सांगूस. एवढी शोधून आणलीय तिने. आवडली नाही म्हटलं तर तिचं मन मोडेल." घरी ताई रोज विचारायची, "कशी वाजते?" आणि हे म्हणायचे, "एकदम स्वच्छ." ताई त्या एका शब्दावर खूश होऊन झोपायची.

चोराच्या मनात चांदणं, तसं आता माझ्याही मनात. आणि एका सुट्टीच्या दिवशी ताई डबा घेऊन थेट माझ्याकडेच आली. "बसते इथेच. मला ऐकायचीय ती रेकॉर्ड." पलीकडे दुसरी बाजू सुरू होती. मी हेअरब्रश उचलला आणि प्लायवर धाडधाड मारायला लागले, की बाबा, सावध हो. दाजींना वाटलं, मेव्हणीला गाणं आवडलं. त्यांनी आवाज वाढवला! कर्म माझं.

टक्क!

ताईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. डबा तिथेच ठेवून ती पलीकडे गेली, मागोमाग मी. खुर्चीत मास्तर, मान फिरवून उजवा गाल पुढे केलेला, ओठांवर मिशीचे नुकते फुटलेले खुंट. दाजींचा वस्तरा हवेतच राहिला.

"इतकी वर्षं झाली," ताई म्हणाली, "अजून टोचायचं संपलं नाही तुमचं? नवी आणून दिली तरी?"

दाजी वस्तराच पुसत बसले. शेवटी फेसाच्या तोंडाने मास्तर बोलले, "वहिनी, तुमच्या त्या नव्या रेकॉर्डपायी माझी मिशी गेली. आता यांना बोलू द्या."

"टोचायला नाही गं," दाजी म्हणाले. "आधी मी एकटाच राहायचो ना, कधी जेवतोय, कधी नाही, विचारणारं कोणी नव्हतं. त्या दिवशी तू सुई ओढलीस तेव्हा पहिल्यांदा कळलं, घरात आता आपली वाट बघणारं माणूस आहे. बँड काय, सगळ्या जगाचा आहे. टक्क तेवढा आपल्या घरचा."

ताईने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग तिचा मूळ स्वभाव वर आला. "हे आधी सांगायला तोंड नव्हतं? उगाच मी मनाला लावून घेत बसले. पहिल्या बाजूवरही एक ओढून देऊ का?" दाजींनी झटकन प्लेअरवर दोन्ही हात पसरले. मास्तर इतके हसले की फेस गळ्यावर आला.

कोरी रेकॉर्ड माझ्याकडे आली. मीही म्हटलं, चला, सुटले एकदाची त्या टक्कातून. छोटा प्लेअर आणला आणि बँकेतल्या मॅडमच्या भुवया करायला घेतल्या. दोरा दातात, डावी भुवई झाली. गाणारा शिखरावर चढला आणि माझा दोरा थांबला. मॅडमनी एक डोळा उघडला. मी तशीच वाट बघत उभी, आणि गाणं आपलं भलतीकडेच चाललेलं. पुढचा झटका बसला तो नको तिथे.

"मेव्हणीबाई," प्लायपलीकडून आवाज आला, "टक्क राहिला वाटतं?"

संध्याकाळी रेकॉर्ड आणि प्लेअर घेऊन मी ताईच्या घरी गेले. गाणं लावून दिलं आणि म्हटलं, "शिखर आलं की ओढ."

"अगं, वेडी का काय!" दाजी ताटावरून उठून धावले. "कोरी करकरीत नवी आहे ती!"

ताईने सुई हातात धरली होती. "मग?" ती म्हणाली. "तेव्हा तीही नवीच होती."